एक मिलिमीटर आधण

संडरलँड. तळघरातली प्रयोगशाळा.
वर वेअर नदीवर सीगल भांडतायत,
खाली नॉर्मन थर्लवेल नट आवळतोय
आणि एक लोखंडी टेबल
भर समुद्रात असल्यासारखं डोलतंय
डावीकडे पंधरा अंश, उजवीकडे पंधरा,
आठ सेकंदांची एक लाट,
थेंबभर पाणी नसलेली.

टेबलावर तांब्याची पट्टी, पट्टीत कोरलेली खाच,
खाचेवर काच. रुंदी एक मिलिमीटर:
तांदळाची कणी गेलीच, तर अंग चोरून.
तिच्यातून एक द्रव वाहतो
जो चौतीस अंशांना उकळतो.
म्हणजे माझ्या रक्ताहून गार असतानाच
त्याला उकळी फुटते.
कधी कधी हेवा वाटतो.

नॉर्मन मला ‘पेट’ म्हणतो.
इथली माया आहे ती, बसवालासुद्धा म्हणतो.
माझ्या कानांना पहिले सहा महिने
आज्ञाच ऐकू यायची:
पेट.
आणि मी हीटर सुरू करायचे.

प्रश्न साधा होता.
जहाजाच्या, तरंगत्या पवनचक्कीच्या पोटात,
जिथे पायाखालचंच काही ठरलेलं नाही,
तिथे आधण नीट येतं का?
भिंतीची उष्णता द्रव उचलतो,
की डोलता डोलता हातचं सांडतो?

उथळ पाण्याला खळखळाट फार, असं शिकले होते.
इथे खळखळायलाही जागा नाही.
बुडबुडा जन्मतो, लगेच कडांना टेकतो
आणि लांबत जातो शेंगेसारखा.
वर कुठे, खाली कुठे, त्याला पडलेली नसते;
पृष्ठताणाने असा धरून ठेवलाय
की समुद्र त्याच्यापर्यंत पोचतच नाही.
चार महिने मी वहीत हेच लिहीत होते:
फरक नाही.
फरक नाही.

मग दिसला.
खाचेत नाही, खाचेकडे येणाऱ्या वाटेत.
टाकी झुकली की दाब झुकतो,
येणारं जरा कमी येतं,
आणि बुडबुड्याभोवतीची ती ओल, केसाहून बारीक,
एका जागी फाटते.
तांबं कोरडं पडतं.
पारा उसळतो, पण तेव्हाच्या तेव्हा नाही.
झुकणं आधी,
चटका नंतर.

मी आलेख दाखवला.
नॉर्मनने चष्मा कपाळावर ढकलला,
चहाचा मग टेबलाच्या कडेवर ठेवला
(ठेवायचा नसतो, हजारदा सांगून झालंय)
आणि म्हणाला, यार्ड बंद झालं त्या शुक्रवारी
मला काहीसुद्धा झालं नाही.
हत्यारं पुसली, डबा उचलला,
पबमध्ये सगळ्यांच्यात मीच जास्त हसलो.
तीन वर्षांनी बेकरीच्या रांगेत
हातात गरम पाव आला
आणि मला उभं राहता येईना.

एवढंच. पुन्हा पाना शोधायला लागला.

मी वहीत लिहिलं: विलंब, एक पूर्णांक नऊ सेकंद.
कारण: भिंतीची जाडी, तांब्याने आत साठवलेलं.
थर्लवेलची भिंत किती जाड,
ते मोजायचं साधन आमच्याकडे नाही.
माझी किती, तेही
अजून कुणी विचारलेलं नाही.

सहाला मोटर बंद केली.
टेबल सपाट झालं, द्रव गुपचूप निवला.
मगातला चहा मात्र
अजून थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे.
नॉर्मनने तो उभ्याउभ्याच संपवला,
दिवे मालवले, जिन्यावरून ओरडला:
उद्या वीस अंश करून बघू,
पेट.